टॉवरची जागा: कॅम्पातला एक कामाचा दिवस

सकाळी ६.३०

मोबाइल टॉवरसाठी जागा शोधायची, तिची कागदपत्रं जमवायची आणि परवानग्या मिळवायच्या, हे माझं काम. काल रात्री बंगळूरच्या प्लॅनिंगवाल्यांनी नवी ‘सर्च रिंग’ पाठवली. सर्च रिंग म्हणजे एक अक्षांश-रेखांश आणि त्याभोवतीचं छोटं वर्तुळ. या वर्तुळात टॉवर बसू शकेल अशा तीन जागा सुचवायच्या. या वेळचं वर्तुळ बेळगावच्या कॅम्पात, हाय स्ट्रीटच्या आसपास पडलंय.

म्हणून उजाडताच बाहेर पडते. या वेळी रस्त्यावर गाड्या नसतात, मान वर करून छपरं बघत चालता येतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांच्या तुकड्या पळत जातात, त्यांना वाट देत मी कडेकडेने फोनवर सिग्नल मोजत जाते. मोठ्या रस्त्यावर उणे ८८ डीबीएम, आतल्या गल्लीत उणे १०६, जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यापाशी उणे ११५. तिथे फोन लागला तर लागला.

कारणं डोळ्यांना दिसतात. कॅम्पातली घरं बैठी, मंगळुरी कौलांची. आवारं मोठी आणि झाडं जुनी, डेरेदार. पाऊस नुकताच संपलाय, सगळी पानं भरलेली, आणि ओलसर पानं लहरी गिळतात. लांबचा टॉवर इथे पोचत नाही आणि जवळ टॉवर लावायला उंच इमारत सापडत नाही.

सकाळी ८.००

चहा घेता घेता नकाशा उघडते. बेळगावची छावणी, म्हणजेच हा कॅम्प, १८३२ सालची. खानापूर रोडने टिळकवाडीकडे निघालं की थोड्याच अंतरात कॅन्टोन्मेंटची हद्द संपते आणि महापालिकेची लागते. कुठे पांढऱ्या भिंतीमागे थेट लष्कराची जमीन. एकाच वर्तुळात तीन मालक आणि तीन प्रकारचे कागद, म्हणून पहिला प्रश्न कायम तोच: ही जागा कुणाच्या हद्दीत येते?

कॅन्टोन्मेंटमध्ये त्याचं उत्तर ‘जीएलआर’मध्ये मिळतं. जनरल लँड रजिस्टर. १९३७ च्या कॅन्टोन्मेंट जमीन प्रशासन नियमांनुसार प्रत्येक सर्व्हे नंबरची नोंद त्यात असते आणि जमिनीचे वर्ग पाडलेले असतात. ए-१ म्हणजे लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातली जमीन. बी-३ म्हणजे खासगी माणसाकडे लीजवर किंवा जुन्या ग्रँटवर असलेली, पण मालकी हक्क सरकारचा. सी म्हणजे बोर्डाकडे सोपवलेली. कॅम्पातले कितीतरी बंगले जुन्या ग्रँटचे आहेत. भिंती, कौलं, दारं-खिडक्या धारकाच्या. खालची माती सरकारची.

हा फरक माझ्या कामात फार मोठा ठरतो. केंद्र सरकारने २०१६ साली दूरसंचाराच्या मार्गहक्काचे नियम आणले. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने खासगी इमारतीवर टॉवर लावायला सरकारी परवानगीची गरज काढून टाकली. मालकाशी करार करायचा, इमारत भार पेलेल असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडायचा आणि प्रशासनाला कळवायचं. पुढे दूरसंचार कायदा २०२३ चा आला आणि त्याखालचे नवे मार्गहक्क नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. पण जिथे घर एकाचं आणि माती सरकारची, तिथे ‘खासगी इमारत’ म्हणून ही सवलत डोळे झाकून लावता येत नाही. घरमालक मला म्हणतात, “मॅडम, घर आमचं, आम्ही सही देतो की.” सही लागतेच, पण कॅम्पात तेवढ्यावर काम भागत नाही.

सकाळी ९.३०

फाइल लावायला बसते. कॅन्टोन्मेंट कायदा २००६ चा. त्याच्या कलम २३५ खाली नव्या बांधकामाची नोटीस द्यावी लागते आणि विनापरवाना काम उभं केलं तर कलम २४८ खाली ते थांबवता येतं, पाडता येतं. बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी आणि कारभार पाहणारा मुख्य कार्यकारी अधिकारी. त्यामुळे इथे टॉवरकडे बांधकाम म्हणून बघतात तसं सुरक्षेच्या नजरेनेही बघतात. २०१८ साली संरक्षण मंत्रालयाने छावण्या आणि लष्करी ठाण्यांतल्या टॉवरांसाठी धोरण आखलं. त्यात भर ‘शेअर्ड’ टॉवरवर, म्हणजे सांगाडा एकच आणि त्यावर अँटेना अनेक कंपन्यांच्या. मला हे मनापासून पटतं. चार कंपन्यांनी चार छपरं अडवण्यापेक्षा एकच जागा नीट निवडलेली बरी.

बाकीचे कागद दिल्लीपर्यंत जातात. अँटेनाची जागा आणि उंची ‘सॅकफा’ या केंद्रीय समितीकडून मंजूर व्हावी लागते. सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचं ठाणंही आहे, म्हणून उंचीची तपासणी आलीच. तिथे टॉवर जमिनीपासून किती उंच एवढ्यावर भागत नाही, समुद्रसपाटीपासून त्याचं टोक किती हे सांगावं लागतं. बेळगाव आधीच साडेसातशे मीटरवर बसलेलं, त्यात इमारत आणि खांब मिळवायचा.

तीन पर्यायांपैकी पहिला कागदावर उत्तम दिसतोय. दुमजली पक्की इमारत, गच्चीवर तीन मीटरचे खांब, मालक तयार. नकाशात आजूबाजूची घरं तिच्यापेक्षा बुटकी दाखवलीत. तरी आज तिथे जायचंय, कारण समोरच्या घरातून हरकत आलीय.

सकाळी ११.००

हरकत घेतलीय एका आजींनी. घर त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं, वर मुलाने बांधलेली माडी. दारातच मला उभं करून त्यांनी विचारलं, “तू कंपनीची काय गं?”

“होय आजी. तुमचं म्हणणं ऐकायला आले.”

“म्हणणं एकच. तो मालक म्हणालाय, टॉवर माझ्या घरावर, तुम्हाला काय त्रास? खरं तोंड कुणाकडं करालेत त्याचं? माझ्या नातीच्या खिडकीकडं न्हवं?”

आजींनी नेमका प्रश्न विचारला होता. बहुतेकांना भीती वाटते ती ज्या छपरावर टॉवर बसतो त्या छपराखाली राहण्याची. अँटेनाचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा समोर, जवळजवळ आडवा पडतो आणि जेमतेम काही अंशांचा जाड असतो. खाली, पायथ्याशी तो फार कमी येतो. म्हणून दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांत समोरच्या, अँटेनाच्याच उंचीवरच्या इमारतीचं अंतर सांगितलंय. एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५, सहा असतील तर ५५, आणि बारा असतील तर ७५ मीटर. इमारत अँटेनापेक्षा खाली असेल तर ही अट तशी लागत नाही. नकाशानुसार आजींची माडी खाली होती.

पण गल्ली चढाची आहे. इमारत उताराच्या तळाशी आणि आजींचं घर वरच्या अंगाला. नकाशा काढणाऱ्याने दोन्ही घरांची उंची आपापल्या जोत्यापासून मोजली आणि जमीन सपाट धरली.

शेजारी बांधकाम चाललं होतं. तिथल्या गवंडीमामांकडून लेव्हलचा पाइप मागून आणला. पारदर्शक नळी, आत पाणी, बुडबुडा राहू नये म्हणून बोटाने टिचक्या मारलेल्या. एक टोक इमारतीच्या गच्चीच्या कठड्याला धरलं, नळी गल्लीवरून ताणून दुसरं टोक आजींच्या नातीने माडीच्या खिडकीतून ओढून घेतलं. पाणी हेलकावलं, मग थांबलं. कठड्याच्या माथ्याबरोबर असलेलं पाणी तिकडे खिडकीच्या उंबऱ्याखाली जेमतेम एका हातावर थांबलं. म्हणजे कठड्याच्या वर खांबाला लावलेली अँटेना थेट खिडकीच्या समोर येणार. लेझर मीटरने अंतर घेतलं: १८ मीटर. एका अँटेनासाठीही हे अंतर कमी आहे आणि आमच्या नकाशात त्या दिशेला दोन आहेत.

नात म्हणाली, “आज्जी, तू म्हणालीस तसंच निघालं बघ.” आजी काही बोलल्या नाहीत, मला चहा दिला.

दुपारी १.००

जेवणाच्या वेळेत एक गृहस्थ भेटायला आले. निवृत्त जवान, कॅम्पाजवळच घर. हातात रंगीत शिक्क्यांचं पत्र: तुमच्या जागेत टॉवर मंजूर झाला आहे, पंचवीस लाख आगाऊ मिळतील, महिन्याला भाडं पन्नास हजार, फक्त ‘ट्राय’च्या एनओसीसाठी आणि विम्यासाठी आधी रक्कम भरा.

मी त्यांना खुर्चीवर बसवून एकेक ओळ वाचून दाखवली. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था टॉवरसाठी कुणाला एनओसी देतच नाही, तिने स्वतःच वारंवार तसं जाहीर केलंय. खरी कंपनी जागेच्या मालकाला पैसे देते, त्याच्याकडून कधी घेत नाही. आधी सर्व्हेला माणूस येतो, कागद बघतो, इमारत तपासतो, मग करार होतो. फोनवर किंवा पत्राने जागा मंजूर होत नाही.

“भरले काय पैसे?” मी विचारलं.

“उद्या भरणार होतो.”

आम्ही दोघांनी मिळून १९३० वर, सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. ही फसवणूक चालते याचं कारण एकच: टॉवर कोण मंजूर करतं, कसा मंजूर होतो, हे लोकांना कुणी सांगितलेलंच नाही. नियमांबद्दलच्या या अंधाराचा फायदा चोर उठवतात.

दुपारी २.३०

आजींच्या नातीने दुसरा प्रश्न विचारला होता: “आत्ता जे आजूबाजूला टॉवर आहेत त्यांचं किती येतंय?” म्हणून मीटर घेऊन परत गेले.

लांब दांड्याला पांढरा गोळा असलेलं हे यंत्र हवेतल्या सगळ्या लहरींची बेरीज दाखवतं. भारताने २००८ साली आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादा स्वीकारल्या आणि १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी त्या दशांशावर आणल्या. ९०० मेगाहर्ट्झला मर्यादा ठरली चौरस मीटरमागे ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट. मीटरच्या भाषेत ९०० ची मर्यादा साधारण १३ व्होल्ट प्रति मीटर.

माडीच्या खिडकीत आकडा सव्वाच्या आसपास फिरत राहिला. नातीने लगेच हिशेब केला, “म्हणजे दहावा हिस्सा?” मी तिला सांगितलं की ऊर्जा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ऊर्जेच्या हिशेबाने हा शंभरावा हिस्सा आहे. ती बारावीला आहे, विज्ञान घेतलंय, तिने वहीत मांडून पाहिलं.

यापुढचंही सांगणं माझं कर्तव्य होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘२बी’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ असा की धोक्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, पण पुरावाही पुरेसा नाही. म्हणून मर्यादा कडक ठेवणं शहाणपणाचं. दुसरी बाजू अशी की टॉवर लांब असला, सिग्नल क्षीण असला की हातातला फोन आपली ताकद वाढवतो, आणि तो तर कानाला लावलेला असतो. व्हरांड्यात उणे ११५ वर बोलणारी आजी टॉवरपासून सुरक्षित असेलही, पण तिचा फोन जास्त जोराने ओरडत असतो. गल्लीत टॉवर नको हे उत्तर पुरेसं नाही. योग्य जागी हवा, हे खरं उत्तर.

माझ्या मीटरवर विश्वास ठेवायची सक्ती नाही, हेही सांगितलं. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ पोर्टल २०१७ पासून आहे. त्यावर आपल्या भागातले टॉवर दिसतात आणि ४००० रुपये भरून अर्ज केला की विभागाची माणसं घरी येऊन मोजतात.

दुपारी ४.१५

निपाणीच्या बाजूला काम करणाऱ्या सहकाऱ्याचा फोन. त्याचा त्रास वेगळाच. कोगनोळीपर्यंत कर्नाटक, पुढे कागल म्हणजे महाराष्ट्र. दूरसंचाराच्या नकाशात देशाची २२ सेवाक्षेत्रं आहेत आणि लहरींचे पट्टे त्या त्या क्षेत्रापुरते दिलेले असतात. एकाच कंपनीकडे निपाणीत एक पट्टा आणि कागलला दुसरा असू शकतो. लहर दूधगंगेपाशी थांबत नाही. म्हणून सीमेजवळच्या अँटेना खाली झुकवाव्या लागतात, त्यांची तोंडं फिरवावी लागतात, नाहीतर पलीकडच्याला अडथळा होतो. त्यात गावाच्या टोकाची चार घरं सिग्नलविना राहतात.

“तिथली एक काकू म्हणालीय,” तो सांगत होता, “पूर्वी परड्यात गेलं की रोमिंग लागायचं, आता रोमिंग गेलं तरी फोन तुटतोच की.”

आम्ही ठरवलं की त्या चार घरांसाठी उंच टॉवरऐवजी रस्त्याच्या खांबावर लहान सेल मागायचा. २०२२ च्या दुरुस्तीने विजेच्या आणि दिव्यांच्या खांबांवर असे लहान सेल बसवायची वाट मोकळी केली. सीमेवरच्या गावांना आणि कॅम्पातल्या झाडांखालच्या गल्ल्यांना याचा मोठा उपयोग आहे: ताकद कमी, उंची कमी, जागा कमी.

संध्याकाळी ५.३०

गल्लीतली दहा-बारा माणसं आजींच्या अंगणात जमली. मी मोठा कागद भिंतीला लावला. इमारत, चढ, माडी, अठरा मीटर, सगळं हाताने काढलं. इमारतीचे मालकही आले होते, जरा नाराज होते. भाडं जाणार याचं दुःख मला समजतं, म्हातारपणात तेवढाच आधार असतो.

एका मामांनी विचारलं, “कॅन्टोन्मेंटची वस्ती महापालिकेत जाणार म्हणालेत. मग परवानगी कुणाची?” प्रश्न महत्त्वाचा आहे. देशभरातल्या छावण्यांचा नागरी भाग वेगळा काढण्याचं काम सुरू झालंय. हिमाचलातलं योल २०२३ साली पहिलं निघालं. बेळगावचा भाग महापालिकेत गेला तर राज्याचे नियम लागतील, आणि कर्नाटकात नव्या टॉवरांसाठी २०१९ ची नियमावली आहे. हद्द बदलली तरी अठरा मीटर अठराच राहतात. म्हणून मोजणीचा कागद जपून ठेवा, असं मी सांगितलं.

मग एका ताईंनी मनातलं बोलून दाखवलं. “नोटीस लागली होती म्हणालीस. कुठं? आम्ही बघितली न्हाई. बघितली असती तरी इंग्रजीत वाचणार कोण?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मान्य करण्यासारखीच गोष्ट होती. या गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी बोलणारी घरं आहेत. नोटीस लागली तरी ती समजेल अशी लागावी याकडे लक्ष कोण देतं? आजींना कुणी नीट सांगितलं असतं तर हरकत घ्यायची वेळच आली नसती, जागा आधीच बदलली असती.

संध्याकाळी ७.३०

टेबलावर परत. पहिला पर्याय रद्द करून दुसरा वर आणते. गल्लीच्या माथ्यावर एक पक्की इमारत आहे, तिच्या समोर ऐंशी मीटरपर्यंत त्या उंचीचं काही नाही. भार तपासायला उद्या इंजिनिअर येईल. जीएलआरचा उतारा मागवायचा अर्ज तयार केला.

प्लॅनरला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, वर्तुळाच्या काठावर जातेय जागा, कव्हरेज थोडं कमी पडेल.” मी त्याला पाइपमधल्या पाण्याचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने त्याने नवी आखणी पाठवली: माथ्यावर तीन सेक्टर, तोंडं एकमेकांपासून १२० अंशांवर, आणि आजींच्या गल्लीसाठी दिव्याच्या खांबावर एक लहान सेल. फोनही लागेल आणि खिडकीही मोकळी राहील.

पहिल्या इमारतीच्या मालकांनाही फोन केला. खांबावरच्या सेलला वीज आणि फायबर लागेल, त्यांच्या आवारातून केबल नेता आली तर थोडंफार भाडं बसेल का, ते बघते म्हणाले.

रात्री ९.००

दिवसाचा शेवटचा कागद मी कंपनीसाठी लिहीत नाही. गल्लीसाठी लिहिते. एकच पान, मोठ्या अक्षरात मराठी, खाली कन्नड. टॉवर कुठे येणार, अँटेना किती, तोंडं कोणत्या दिशेला, समोरचं सर्वांत जवळचं घर किती मीटरवर आणि त्याची खिडकी अँटेनाच्या वर की खाली. परवानगी कुणी द्यायची, हरकत कुठे नोंदवायची, लहरी मोजून घ्यायला अर्ज कुठे करायचा. आणि शेवटी ठळक ओळ: टॉवरसाठी कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.

असं पान प्रत्येक अर्जाबरोबर सक्तीचं व्हावं, त्या भागातल्या लोकांच्या भाषेत, हे मी वरच्यांना लेखी कळवलं आहे आणि कळवत राहीन. नियमांची कमतरता नाही. १८८५ च्या तार कायद्यापासून २०२३ च्या कायद्यापर्यंत ते भरपूर आहेत आणि बरेचसे चांगलेही आहेत. पण चढाची गल्ली नियमाला आपोआप दिसत नाही. ती तिथे राहणाऱ्याला दिसते, आणि त्याने ती दाखवावी म्हणून आधी नियम त्याच्या हातात पडला पाहिजे.

उद्या सकाळी इंजिनिअर येण्याआधी हे पान माथ्यावरच्या इमारतीसमोरच्या दारांवर लागेल. हरकती येतील तर येऊ देत. प्रत्येक हरकतीबरोबर पाण्याचा पाइप घेऊन मी तिथे जाईन.